खुलं पत्र: ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ सांगणाऱ्या समस्त कन्सल्टन्सीवाल्या सर-मॅडमना

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, कराड, जिथं जिथं हॉटेलचा हॉल बुक करून आणि मागं जर्मनीचा झेंडा लावून तुम्ही सेमिनार घेता त्या सगळ्यांना हे पत्र आहे. कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण स्लाईडी सगळ्यांच्या सारख्याच असतात. मी चार ठिकाणच्या बघितल्यात आणि दोन ठिकाणी तर किल्ल्याचा फोटोपण तोच होता.

मी मूळची कराडजवळची. केम्निट्झमध्ये मास्टर्स करतेय, दोन वर्षं होत आली. केम्निट्झ म्हणजे सॅक्सनीतलं, जुन्या पूर्व जर्मनीतलं गाव. १९५३ ते १९९० याचं नाव कार्ल-मार्क्स-स्टाट होतं आणि मार्क्सचं सात मीटरचं नुसतं डोकं अजून भर रस्त्यावर उभं आहे, इथं आलेल्या प्रत्येक भारतीय पोराचा पहिला डीपी त्या डोक्यासमोरचा असतो, माझापण होता. तो फोटो बघून गावाकडच्या ग्रुपवर सत्तर-ऐंशी जणांनी अंगठे दिले. त्या फोटोच्या दिवशी माझ्या फॉरेक्स कार्डवर ६१ युरो शिल्लक होते आणि मी दुसऱ्याच्या किचनमध्ये खाली झोपत होते, हे ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. घरीपण नव्हतं.

तर सेमिनार. जानेवारी २०२४, रविवार सकाळ, दारात गुलाबाचं फूल, चहा-समोसा, आणि पहिलीच स्लाईड: ट्यूशन फी शून्य रुपये. बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत, कुठंही गेले की टाचणवही बरोबर असते, तिच्या मागच्या पानावर त्यांनी सगळं लिहून घेतलं. ते पान त्यांनी अजून जपून ठेवलंय आणि त्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्यावर असं आहे: ‘शिक्षण – ०. राहणे खाणे – ९३४ युरो = ८४,०००. पार्टटाईम २० तास × ४ आठवडे × १२.४१ = ९९३ युरो = ८९,०००. शिल्लक ५,०००.’ आणि त्या शिल्लक शब्दाखाली दोन रेघा. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता. म्हणजे पोरगी जर्मनीला जाऊन शिकणार, जेवणार, राहणार आणि वर महिन्याला पाच हजार शिलकीत टाकणार. गणित चुकलं नव्हतं बरं का, बाबांचं गणित कधी चुकत नाही, ज्या आकड्यांवर ते केलं ते आकडे तुम्ही दिले होते.

आधीच सांगते, मी तुम्हाला चोर म्हणायला बसलेले नाही. आमच्याकडून जी फी घेतलीत त्याचं काम केलंत, एपीएसचे, म्हणजे जर्मनीसाठी आपल्या डिग्रीची तपासणी होते त्याचे, कागद नीट लावून दिलेत (त्याचे १८ हजार वेगळे भरले ते वेगळे), व्हिसाची फाईल एकदम चोख होती, मला मुलाखतीत कुठं अडकायला झालं नाही. तुमच्यामुळे मी इथं आहे हे खरं आहे. पण व्हिसाचा शिक्का बसला की तुमच्या दृष्टीने काम संपतं आणि आमचं तिथून सुरू होतं, आणि या दोन्हीच्या मधे जो पहिला महिना येतो ना, त्याची स्लाईड तुमच्यापैकी एकाकडेही नाही.

मी सांगते तो महिना कसा असतो.

ब्लॉक अकाउंट तुम्ही सगळ्यांना समजावता. वर्षाचे पैसे आधी भरून ठेवायचे, मग दर महिन्याला ठरलेला हप्ता मिळतो. माझ्या वेळी ११,२०८ युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले, म्हणजे महिन्याला ९९२. पालक काय समजतात, तर पोरगं तिकडं उतरलं की एक तारखेला खात्यात पैसे. माझ्या बाबांनापण तेच वाटलं आणि मलापण. पण तो हप्ता यायला इथल्या बँकेत खातं लागतं, बऱ्याच बँकांना खात्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा कागद लागतो, ज्याला इथं आनमेल्डुंग म्हणतात, ती नोंदणी करायला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, आणि घरमालकाची सही मिळायला आधी घर लागतं. घर घ्यायला डिपॉझिट लागतं. डिपॉझिटचे पैसे कुठंयत? ब्लॉकमध्ये. म्हणजे कुलूप लावून किल्ली आतच राहिली, तसलं काम.

मी २ ऑक्टोबरला उतरले. खोली मिळाली २० तारखेपासून. नोंदणीचं टर्मिन मिळालं ३० ला (टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, हा शब्द पहिल्या आठवड्यातच पाठ होतो, जर्मनीत टर्मिनशिवाय माणूस काहीच करत नाही). बँकेचं कार्ड ६ नोव्हेंबरला पोस्टाने आलं आणि ब्लॉकमधला पहिला हप्ता पडला १४ नोव्हेंबरला. त्रेचाळीस दिवस. यात कुणाची चूक नव्हती, कुणी मला त्रास दिला नाही, सगळे आपापल्या गतीने नीट काम करत होते. फक्त ते त्रेचाळीस दिवस जेवायचं काय आणि झोपायचं कुठं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या होत्या, हातात हजार युरो न्या, खूप झाले. मी हजार नेले. फ्रँकफर्टवरून केम्निट्झपर्यंत ट्रेनचे ४० गेले. सेमिस्टरची फी ३०० च्या घरात, ती भरल्याशिवाय ॲडमिशन पक्कं होत नाही. हो, ट्यूशन शून्य असली तरी सेमिस्टर फी असते, त्यात विद्यार्थी संघटनेचा, कँटीन-हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेचा वाटा आणि प्रवासाचा पास असतो, त्याला माझी तक्रार नाही, तो पास सोन्यासारखा आहे. खोलीचं पहिलं भाडं २९०, डिपॉझिट ५००. हेल्थ इन्शुरन्स १२५. गादी, पांघरूण, एक कढई, एक पातेलं, बादली, दिवा (भाड्याच्या खोलीत दिवासुद्धा नसतो कधी कधी, छतातनं नुसत्या वायरी लोंबत असतात) मिळून १२०. सिमकार्ड १०. बेरीज करा, १,३८५ होतात, आणि यात अजून अन्नाचा कण धरलेला नाही. सातारकडच्या एका सीनियर दादाने ५०० युरो उसने दिले म्हणून निभावलं. त्याच दादाच्या किचनमध्ये मी आणि अजून दोन मुली अठरा दिवस झोपलो, रात्री फ्रिजची मोटर सुरू झाली की जाग यायची. त्याच्यावर काय वेळ आली असती मालकाला कळलं असतं तर, ते आता कळतं, तेव्हा फक्त थंडी कळत होती.

आई रोज विचारायची, जेवलीस का, आणि मी म्हणायचे हो, आज पुलाव केलता. तिकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असायचे आणि इकडं सात, आणि मी पाव आणि जॅम घेऊन बसलेली असायचे. आईला सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्या दिवशी सोसायटीतनं पैसे उचलले असते आणि तेवढंच मला नको होतं, आधीच एक एफडी मोडली होती. आणि हेपण तुम्ही सेमिनारमध्ये सांगा, की स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर बाहेर पाठवलं की बँक वरच्या रकमेवर टीसीएस नावाचा कर कापून घेते. आता ब्लॉकचीच रक्कम शंभरच्या भावाने ११ लाख ९० हजार होते. रिटर्न भरताना ते परत मिळतात हे खरं, पण परत मिळेपर्यंत अडकतात, आणि ज्या घरात सगळं काठावर असतं तिथं अडकणं म्हणजे जाणंच. लोन काढून पाठवलं तर तो टीसीएस लागत नाही, पण हे बाबांना कळलं सीएकडून, तुमच्याकडून नाही.

बरं हे पहिल्या महिन्याचं. मग दर महिन्याचं काय?

९९२ मध्ये भागतं का असं मला रोज इन्स्टावर पोरं विचारतात, आणि माझं उत्तर असतं, कुठल्या गावात. ही रक्कम म्युनिकलापण ९९२ आणि केम्निट्झलापण ९९२. ती येते कुठून माहितीये का? इथल्या सरकारची स्वतःच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी बाफोग नावाची मदत आहे, तिचा जास्तीत जास्त दर ९९२ आहे, त्यात ४७५ जगण्याचे, ३८० घरभाड्याचे आणि १३७ इन्शुरन्सचे. म्हणजे सरकारने धरलंय की पोरगं ३८० मध्ये राहील. केम्निट्झमध्ये राहतं बाबा, आरामात राहतं, मी २९० देते आणि खिडकीतून झाड दिसतं. पण माझी कॉलेजची मैत्रीण म्युनिकला आहे, ती एका खोलीचे साडेसातशे देते आणि रोज येऊन-जाऊन दोन तास ट्रेनमध्ये असते. तिला इन्शुरन्स देऊन हातात शंभर युरो राहतात. तुम्ही दोघींच्या बाबांना एकच स्लाईड दाखवली होती.

आणि फुकटचं पण जरा अपडेट करा की. ज्या किल्ल्याखालच्या नदीचा नि पुलाचा फोटो टाकून तुम्ही ‘फ्री एज्युकेशन’ लिहिता ते हायडेलबर्ग आहे. हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो लावलेत. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग सगळी त्याच राज्यात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून लावली, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४ ते ६ हजार. बाकी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये अजून फी नाही, हे खरंच आहे आणि खरंच भारी आहे, पण मग सेमिनार संपल्यावर ज्या पोरांचे मार्क कमी असतात त्यांना बाजूला घेऊन जी कॉलेजं सुचवता ती सगळी खासगी कशी निघतात हो? त्यांची फी वर्षाला दहा-बारा हजार युरोच्या घरातही असते. कमिशन कुठून मिळतं आणि कुठून मिळत नाही हे तुम्हाला मी कशाला सांगू.

इन्शुरन्सचं एक राहिलं. विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर तिशीपर्यंतच मिळतो. माझ्या बॅचमध्ये एक जण एकतीस वर्षांचा आहे, सहा वर्षं नोकरी करून, बायकोला गावी ठेवून आलाय, त्याला हे इथं काऊंटरवर कळलं. त्याच्या जन्मतारखेचा कागद तुमच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर होता.

आणि ती रेडिओ-टीव्हीची फी. घरात टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो. नोंदणी केली की तीन महिन्यांनी पत्र येतं, आपण जर्मनमधलं पत्र म्हणून जाहिरात समजून फेकून देतो, मग थकबाकीचं येतं. आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो त्यामुळे एकीच्या नावावर भरतो आणि ६.१२ प्रत्येकी वाटून घेतो. एवढं साधं आहे, दोन वाक्यांत सांगून होतं, पण दोन वाक्यंसुद्धा कुणी सांगितली नाहीत.

सांगितलं काय, तर सामान. सामानाची यादी मात्र तुमची दोन पानी होती, मी मोजली, ६४ वस्तू. त्यात ‘साजूक तूप २ किलो’ पण होतं. सर, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला इथं बंदी आहे. आजीने घरच्या म्हशीचं तूप कढवून, डब्याच्या झाकणाला टेप लावून, वर प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या घालून दिलं होतं. फ्रँकफर्टला कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली, डबा काढला, वास घेतला, आणि मला वाटतं त्यालापण वाईट वाटलं असावं, पण टाकलाच. गोडा मसाला राहिला, मेतकूट राहिलं, चटण्या राहिल्या. आजीला मी अजून सांगितलेलं नाही, ती फोनवर विचारते, तूप संपलं का गं, मी म्हणते पुरवून खातेय.

कुकरपण यादीत होता, ॲल्युमिनियमचा. माझ्या घरी काचेची गरम होणारी शेगडी आहे म्हणून चालतो, पण माझ्या म्युनिकच्या मैत्रिणीकडे इंडक्शन आहे, तिचा कुकर दोन वर्षं कपाटात पडलाय, त्यात ती कांदे ठेवते. आणि कणीक. इथल्या सुपरमार्केटमध्ये गव्हाच्या पिठावर नंबर असतो, ४०५ म्हणजे सरळ आपला मैदा, पहिल्या महिन्यात मी त्याच्या पोळ्या केल्या, चामडं झालं नुसतं. १०५० नंबर घेतला तर पोळीसारखं काहीतरी होतं. आट्याची पिशवी इंडियन दुकानात मिळते पण महाग पडते, म्हणून आम्ही अर्धं हे नि अर्धं ते मिसळतो. कोथिंबीर सुपरमार्केटमध्ये कुंडीत मिळते, दीड-दोन युरोला, फुलदाणीत ठेवावी तशी, आणि तुर्की दुकानात मात्र जुडी मिळते चांगली हाताच्या मुठीएवढी. भेंडीपण तिथंच. कांदा, बटाटा, कोबी, गाजर, दूध, अंडी हे स्वस्त आहे खरंच, कॉलेजच्या मेन्सामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये, तीन-साडेतीन युरोत पोटभर मिळतं, घरी करून खाल्लं तर मला महिन्याला १६० च्या आत बसतं. रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये अख्खी भारतीय पोरं एकमेकांना भेटतात, तोच आमचा कट्टा.

बाटल्यांचं सांगितलंच पाहिजे. पाण्याची, कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट जास्त घेतात, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की परत. याला फांड म्हणतात. पहिल्या महिन्यात आम्ही तिघी दादाच्या घरातल्या रिकाम्या बाटल्या एका गोणीत भरून घेऊन गेलो, ३८ बाटल्या निघाल्या, साडेनऊ युरोची चिठ्ठी आली, आणि त्या चिठ्ठीवर आम्ही तांदूळ, दूध आणि एक चॉकलेट घेतलं. त्या दिवसासारखं श्रीमंत मला नंतर पगारादिवशीपण वाटलं नाही.

आता येऊ पार्टटाईमवर, कारण टाचणवहीतली ती दोन रेघांची शिल्लक त्याच्यावर उभी होती.

कायद्याने काम करता येतं, ते तुम्ही बरोबर सांगता. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस झालेत, आधी १२० आणि २४० होते. किमान मजुरीपण वाढतेय, २०२५ ला तासाला १२.८२ होती, २०२६ च्या जानेवारीपासून १३.९० झाली. पण परवानगी असणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. मला पहिलं काम मिळालं फेब्रुवारीत, म्हणजे उतरल्यानंतर पाचव्या महिन्यात, एका हॉटेलच्या नाश्त्याच्या किचनमध्ये भांडी. पहाटे साडेपाचला हजर. त्याच्या आधी ४१ ठिकाणी अर्ज केले होते, आणि उत्तर एकच, तुमचं जर्मन कमी पडतंय. माझं जर्मन ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं होतं, कारण तुम्हीच सांगितलं होतं की कोर्स इंग्लिशमध्ये आहे, जर्मनची गरज नाही. कोर्स इंग्लिशमध्येच आहे, पण किचनमधला शेफ इंग्लिशमध्ये ओरडत नाही.

आणि जे काम मिळालं ते मिनीजॉब. विद्यार्थ्यांना सुरुवातीला बहुतेक तेच मिळतं. २०२५ ला त्यातल्या पगाराची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती. १२.८२ ने भागा, त्रेचाळीस तास होतात, महिन्याला. आठवड्याला दहा. तुमच्या स्लाईडवरचे ऐंशी तास कुठं आणि हे कुठं. वीस तासांची नोकरी मिळते, मिळत नाही असं नाही, कंपनीत वेर्कस्टुडंट म्हणून मिळते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला, भाषा आल्यावर, आणि केम्निट्झसारख्या गावात मोजक्यांना. मोठ्या शहरात काम मिळतं पण पगार भाड्यात जातो. डिलिव्हरीवाल्या काही ॲपवर पोरं स्वतंत्र धंदा म्हणून लागतात, विद्यार्थ्याच्या इथं राहायच्या परमिटवर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय ते चालत नाही, उद्या परमिट वाढवताना अंगाशी येतं. हे सेमिनारला सांगायला एक मिनिट लागतं. समोशाला दहा लागतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला वाटतं तुम्ही मुद्दाम सांगत नाही, मुद्दाम नसेल तर अजून वाईट: दुसरं वर्ष. ब्लॉक अकाउंट एकदाच करायचं, पुढं पोरगं कमावतं, असं बाबांना सांगितलं गेलं. माझं परमिट वर्षभराचं मिळालं. ते वाढवायला गेल्यावर पुढच्या वर्षाचा खर्च कुठून करणार हे पुन्हा दाखवावं लागतं. पगार असेल तर तो धरतात, माझा धरला, तोपर्यंत मला भांडी सोडून युनिव्हर्सिटीतच प्रोफेसरकडे असिस्टंटचं काम मिळालं होतं, इथं त्याला हिवी म्हणतात, कॉन्ट्रॅक्ट महिन्याला ५५६ चं. ९९२ मधून ५५६ गेले, राहिले ४३६, गुणिले बारा, ५,२३२ युरो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये युरो शंभरच्या पुढं गेला होता, १०२ धरला तर पाच लाख ३३ हजार. जानेवारीत ज्या माणसाने शिल्लक पाच हजारवर रेघा मारल्या त्याला दीड वर्षांनी मी फोन करून म्हणाले, बाबा पाच लाख तेहतीस हजार लागतील. ते म्हणाले, बरं. नुसतं बरं. नंतर आईकडून कळलं की पीएफमधून काढले.

पगारी काम नसतं तर पूर्ण अकरा हजार नऊशे चार दाखवावे लागले असते. माझ्या ओळखीत दोघांना लागले.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि ती फार नाही. फीचा चेक घ्यायच्या आधी पालकांच्या हातात एक पान द्या. सामानाच्या यादीसारखंच, पण पैशाचं. त्यात पोरगं ज्या गावात चाललंय त्या गावातल्या खोलीचं भाडं असू दे, देशाचं सरासरी नको. पहिले पन्नास दिवस ब्लॉकचे पैसे मिळणार नाहीत असं धरून हातात किती लागतील ते लिहा, माझ्या हिशोबाने छोट्या गावाला दोन हजार आणि म्युनिकसारख्या ठिकाणी साडेतीन हजारांच्या खाली जाऊ नये. डिपॉझिट तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्यापर्यंत (हीटिंग-पाण्याचे पैसे सोडून) मागू शकतात, पण कायद्याने ते तीन हप्त्यांत भरायची मुभा आहे, हेपण लिहा, मला माहीत असतं तर दादाकडून एवढे उसने घ्यावे लागले नसते. खोली न बघता, चावी कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्याला एक रुपया पाठवू नका, हे ठळक लिहा, माझ्याच बॅचमधल्या एकाचे ७०० युरो असे गेले आणि तो मुलगा पुढं दोन महिने कुणाशी बोलायचा नाही. पार्टटाईमच्या रकान्यात पहिल्या सहा महिन्यांसाठी शून्य लिहा. दुसऱ्या वर्षाच्या पैशाला वेगळी ओळ ठेवा. आणि खाली एक ओळ, जर्मन बी-वन (ए-वन, ए-टूच्या पुढची पायरी) करून या, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी. चष्मा असेल तर दोन जोड्या गावाकडूनच करून आणा, इथं मोठ्या माणसांच्या चष्म्याला इन्शुरन्स बहुतेक वेळा पैसे देत नाही. हे शेवटचं लहान वाटेल, माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मला लहान वाटलं नाही.

यावर तुम्ही म्हणाल, एवढं सांगितलं तर पालक घाबरतील, येणार नाहीत. थोडे नाही येणार, मान्य. पण माझे बाबा आले असते. त्यांनी सहा महिने उशीर केला असता, थोडे पैसे साठवले असते, मला तेवढ्यात जर्मन शिकायला लावलं असतं, आणि मग पाठवलंच असतं. इथं शिकण्यासारखं आहे हो, लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत बसू देतात, प्रोफेसर नावाने मेल लिहितो, लायब्ररी बघून रडू येतं, डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. उगीच नाही जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीय पहिल्या नंबरला, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रातच ४९ हजारांच्या वर होते. मला परत यायचं नाहीये आणि मी कुणाला येऊ नका म्हणत नाहीये. आमच्या गावातल्या दोन मुली यंदा निघाल्यात, एकीच्या आईने मला काल फोन केला, तायडे किती पैसे लागतील ते खरं सांग गं. मी पाऊण तास बोलले. हे तुमचं काम होतं, पैसे तुम्ही घेतलेत.

जुलैत मी तीन आठवडे घरी येतेय. तुमचा कराडचा सेमिनार जुलैतच असतो, मागच्या वर्षीचं फ्लेक्स चौकात मी फोटोत बघितलंय. मी येणार आहे, बाबापण येतील, टाचणवही असेल त्यांच्याकडे. आम्ही दुसऱ्या रांगेत बसू. प्रश्नोत्तराच्या वेळी माईक मागं फिरवताना तेवढा आमच्याकडे एकदा द्या.

तुमचीच एक जुनी क्लायंट,
केम्निट्झ

ता. क. सामानाच्या यादीतून तूप काढा. ते पहिलं करा, त्याला तर काही खर्च नाही.